सत्याग्रह फुकट गेला म्हणणाऱ्यांना गोव्यातून उत्तर

१८ जून आला, १५ ऑगस्ट आला, १९ डिसेंबर आला की पेडण्यापासून काणकोणपर्यंत मोबाइलवर एक संदेश फिरायला लागतो. गावच्या ग्रुपवर येतो, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर येतो, देवस्थानच्या ग्रुपवरही येतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं: "पंधरा वर्षं सत्याग्रह केले, मार खाल्ला, काय मिळालं? शेवटी लष्कर आलं आणि ३६ तासांत गोवा सुटला. अहिंसा चालते ती इंग्रजांसारख्या सभ्य शत्रूपुढे, पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारपुढे नाही. अहिंसा ही भित्र्यांची पळवाट आहे. दया दाखवली की समोरचा सोकावतो. तेव्हा आज गोव्यात जो कोणी दादागिरी करील, त्याला त्याच्याच भाषेत उत्तर द्या."

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. हा संदेश मला पाठवणाऱ्यांत माझेच विद्यार्थी आहेत, चांगली मुलं आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहिते आहे.

"सत्याग्रह फुकट गेला, लष्कराने ३६ तासांत काम केलं"

यातली अर्धी गोष्ट खरी आहे आणि ती कबूल करायला मला कसलाही संकोच नाही. १८ डिसेंबर १९६१ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. १९ तारखेच्या रात्री गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली आणि १५१०पासून चालत आलेली पोर्तुगीज सत्ता ४५१ वर्षांनी संपली. त्या कारवाईत आपले वीसहून अधिक जवान गेले. त्यांचं ऋण प्रत्येक गोंयकारावर आहे.

पण तुलना कोणाची कोणाशी चालली आहे ते बघा. एकीकडे रिकाम्या हातांनी चालत आलेली माणसं आणि दुसरीकडे एका सार्वभौम देशाचं भूदल, नौदल, हवाईदल. तुलना करायचीच तर नागरिकांच्या लढ्याची नागरिकांच्या लढ्याशी करा. बंदूक हाती घेऊन लढलेले गोंयकारही होतेच. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी यांचं आझाद गोमंतक दल १९४७पासून लढत होतं. बाळा राया मापारी फेब्रुवारी १९५५मध्ये पोलिसांच्या छळात मेले. मोहन रानडे मूळचे सांगलीचे, मराठी शिकवायला गोव्यात आलेले. १९५५मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले आणि थेट १९६९मध्ये सुटले. म्हणजे गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं ते लिस्बनजवळच्या तुरुंगात होते. या माणसांपुढे मी हात जोडते. पण त्यांच्या बंदुकांनीही पोर्तुगीज गोव्यातून हलले नाहीत. दादरा आणि नगरहवेली १९५४मध्ये सशस्त्र स्वयंसेवकांनी सोडवली, हेही सांगायलाच हवं. तिथे मूठभर पोलीस होते आणि दमणहून कुमक आणायची तर वाट भारताच्या हद्दीतून जात होती, ती भारताने दिली नाही. गोव्याला समुद्र उघडा होता. तेव्हा "हिंसा जिंकली, अहिंसा हरली" असा निकाल या इतिहासातून काढता येत नाही. सरकारी सैन्याशिवाय दोन्ही वाटा गोव्यात अपुऱ्या पडल्या, एवढंच म्हणता येईल.

मग सत्याग्रहाने केलं काय? सालाझारचं सगळं म्हणणं एका दाव्यावर उभं होतं. गोवा ही वसाहत नव्हेच, तो पोर्तुगालचाच तुकडा, तिथली प्रजा पोर्तुगीज आणि सुखी. १९५१मध्ये त्याने राज्यघटनाच बदलून घेतली आणि वसाहतींना 'सागरपार प्रांत' हे नाव दिलं. पुढे संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगाल हेच सांगत राहिला, की आमच्याकडे वसाहतच नाही, तर हिशेब कसला द्यायचा?

हा दावा गोंयकारांनी तुरुंगात जाऊन खोटा पाडला. टी. बी. कुन्हा यांना १९४६मध्ये लष्करी न्यायालयापुढे उभं केलं, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमध्ये पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांनाही हद्दपार करून तिकडेच धाडलं. सुखी प्रजेतली माणसं समुद्रापार किल्ल्यात का कोंडावी लागतात, याचं उत्तर लिस्बनकडे नव्हतं. आणि ती पकडली गेली होती ती सभा, पत्रकं, भाषणं, मोर्चे एवढ्यासाठी. त्यांच्या हातात बॉम्ब असते तर सालाझारला सांगायला सोपं झालं असतं की हे भारताने पाठवलेले दहशतवादी आहेत. बंदूकवाल्यांबद्दल तो तसं सांगतही होता.

१५ डिसेंबर १९६०ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून पोर्तुगालच्या ताब्यातले प्रदेश स्वराज्य नसलेले प्रदेश म्हणून जाहीर केले, त्या यादीत गोवा होता. पुढच्या वर्षी भारतीय सैन्य गोव्यात असताना सुरक्षा परिषदेत माघारीची मागणी करणारा ठराव आला. त्याच्या बाजूने सात मतं पडली, विरोधात चार. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो पडला हे सगळ्यांना माहीत असतं. पण विरोधात सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे तेव्हाचा इजिप्त, हेही होते, हे कोणी सांगत नाही. या छोट्या देशांना गोवा पोर्तुगालचा प्रांत वाटला नाही. तो तसा नाही हे पंधरा वर्षं कोणी दाखवलं होतं?

आता त्या ३६ तासांकडे येते, कारण संदेशातला सगळा जोर त्यावर आहे. लिस्बनहून सालाझारने १४ डिसेंबरला हुकूम पाठवला होता की शरण जायचं नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढायचं, एक तर विजयी किंवा मेलेले सैनिक हवेत. गव्हर्नरच्या हाताशी तीन-साडेतीन हजारांचं सैन्य होतं. भारताच्या फौजेपुढे ते टिकणार नव्हतं. पण पणजीत, मडगावात, मुरगावात घराघरांतून लढाई करून शहरं बेचिराख करायला ते पुरेसं होतं. वासालो ई सिल्वा यांनी तो हुकूम पाळला नाही. आपल्या सैनिकांना आणि इथल्या माणसांना मारून काही साधणार नाही, असं त्यांनी ठरवलं. याबद्दल सालाझारने त्यांना सैन्यातून बडतर्फ केलं आणि १९७४ची क्रांती होईपर्यंत ती शिक्षा त्यांनी भोगली. हजारो पोर्तुगीज सैनिक कैदी झाले, त्यांना पुढच्या मे महिन्यापर्यंत मायदेशी पाठवलं गेलं. १९८०मध्ये हेच जनरल गोव्यात आले तेव्हा लोकांनी त्यांचं स्वागत केलं.

म्हणजे ज्या ३६ तासांचा दाखला देऊन आम्हाला बंदुकीचं महत्त्व पटवलं जातं, ते ३६ तासच राहिले, ३६ दिवस झाले नाहीत, याला आपल्या फौजेची ताकद कारण होतीच. त्याबरोबर हातात बंदूक आणि पाठीशी हुकूम असलेल्या एका माणसाने गोळी न चालवण्याचा घेतलेला निर्णयही कारण होता. माझ्या मते मुक्तिदिनाला मुलांना हे दोन्ही सांगायला हवं.

"अहिंसा सभ्य इंग्रजांपुढे चालते"

सभ्य? जालियनवाला बागेत सरकारी आकड्याप्रमाणेच ३७९ माणसं मारली गेली. सोलापुरात १९३०मध्ये मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा यांना फाशी दिलं. मुंबईत बाबू गेनू परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला, ट्रक त्याच्या अंगावरून गेला. मराठी माणसाने तरी इंग्रजांच्या सभ्यतेची ग्वाही देऊ नये.

या आक्षेपामागे एक गैरसमज आहे. अहिंसेला हुकूमशहाचं हृदय पाघळावं लागतं, असं लोकांना वाटतं. सालाझारचं पाघळलं नाही. पण हुकूमशहा स्वतः कोणाला मारायला जात नाही. त्यासाठी शिपाई लागतो, कारकून लागतो, तुरुंगाधिकारी लागतो, गप्प बसणारा शेजारी लागतो. अहिंसक लढा या मधल्या माणसांवर काम करतो. २३ एप्रिल १९३०ला पेशावरमध्ये निःशस्त्र पठाणांवर गोळ्या झाडायचा हुकूम झाला, तेव्हा चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या जवानांनी तो मानला नाही. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. समोरून पठाणांच्या बंदुका चालल्या असत्या तर त्याच जवानांनी उलट गोळ्या झाडल्या असत्या, आणि त्यांना कोणी दोषही दिला नसता.

सालाझारपेक्षा कितीतरी क्रूर राजवटीतलं उदाहरण हवं असेल तर १९४३च्या फेब्रुवारी-मार्चमधलं बर्लिन घ्या. ज्यू नवऱ्यांना पकडून रोझनस्ट्रासवरच्या इमारतीत ठेवलं होतं. त्यांच्या ज्यू नसलेल्या बायका तिथे रस्त्यावर जमल्या आणि दिवसेंदिवस हटल्या नाहीत. तेही हिटलरच्या राजधानीत. शेवटी बहुतेक पुरुष सुटले.

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टेफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ या काळातल्या ३२३ मोठ्या लढ्यांचा अभ्यास केला. अहिंसक लढ्यांपैकी ५३ टक्के यशस्वी झाले, सशस्त्र लढ्यांपैकी २६ टक्के. ५३ म्हणजे शंभर नव्हेत. अहिंसा हमखास जिंकते असं मी कोणालाही सांगणार नाही, पण ती हमखास हरते हे जे ठासून सांगितलं जातं ते साफ चूक आहे.

आणि सालाझारशाही कशी गेली तेही बघा. अंगोला, गिनी, मोझांबिकमधल्या युद्धांत तेरा वर्षं पोर्तुगीज तरुण मरत होते, मारत होते. त्या युद्धांना विटलेल्या सैनिकांनीच २५ एप्रिल १९७४ला उठाव केला. लिस्बनच्या लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोचली. त्या दिवशी चार नागरिक मेले ते गुप्त पोलिसांच्या गोळीबारात. पाठोपाठ पेनिशच्या किल्ल्याचे दरवाजे उघडले. आमचे कुन्हा जिथे ठेवले गेले होते, तिथेच त्यांचे स्वतःचे राजकीय कैदी इतकी वर्षं खितपत होते. नव्या पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ला करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. सत्याग्रही पहिल्यापासून म्हणत होते की आमचं भांडण पाकल्यांशी, म्हणजे पोर्तुगीज माणसांशी, नाही, त्यांच्या राजवटीशी आहे. ते बरोबर निघालं.

"अहिंसा ही भित्र्यांची पळवाट आहे"

हा मुद्दा वाचला की मला खरोखर राग येतो.

१८ जून १९४६, मडगाव, भर पावसाळा. सभेला परवानगी नाही, छापील शब्दन् शब्द सेन्सॉरच्या नजरेखालून जाणारा. डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस असोळण्याहून येतात. पोर्तुगीज अधिकारी पिस्तूल रोखतो. लोहिया त्याचा हात धरून बाजूला सारतात आणि जमलेल्या लोकांकडे वळतात. त्यांच्याकडे शस्त्र नव्हतं आणि ते पळालेही नाहीत. लोकांनी त्या दिवशी बघितलं ते हेच, की ज्या हाताची इतकी वर्षं भीती वाटली तो बाजूला सारता येतो.

फेब्रुवारी १९५४. म्हापशात एका मेजवानीत गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशी भाषा झाली. शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी सगळ्यांसमोर "माझा निषेध आहे" एवढंच म्हटलं. त्यासाठी त्यांना पकडून पोर्तुगालला धाडलं. त्यांची पत्नी एदिला अझोर्स बेटांवरची, पोर्तुगीज. शत्रू कोण आणि माणूस कोण, हे त्या घराला वेगळं शिकवायची गरज नव्हती.

६ एप्रिल १९५५. सुधाताई जोशी, पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी, घरसंसार मागे ठेवून पुण्याहून आल्या आणि म्हापशात नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या. पकडलं जाणार हे ठाऊक होतं. पकडलं गेलं, आणि पुढची काही वर्षं तुरुंगात गेली.

त्याच वर्षी १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी गोव्यात शिरली. बापटांचं वय तेव्हा ७४. या माणसाने तरुणपणी पॅरिसमध्ये बॉम्ब बनवायची विद्या मिळवली होती. मुळशीच्या लढ्यासाठी त्यांनी कैक वर्षं तुरुंगवास भोगला होता. हिंसा कशी करतात हे ज्याला नेमकं माहीत होतं, तो म्हातारा रिकाम्या हातांनी पोर्तुगीज पोलिसांच्या पुढ्यात चालत गेला. त्यांना मारहाण करून हद्दीबाहेर काढलं. नानासाहेबांना लांबलचक शिक्षा देऊन तुरुंगात टाकलं. जुलैत मधु लिमये आले. त्यांना इतकं मारलं की ते जगतील की नाही अशी शंका होती, आणि वर बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. दोघेही १९५७मध्ये सुटले.

आणि १५ ऑगस्ट १९५५. देशभरातून आलेले तीन हजारांवर सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी सरहद्द ओलांडत होते. काठीसुद्धा बाळगायची नाही, हा नियम. पत्रादेवीला पहिल्या गोळ्या सुटल्या तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं पडली आणि मागची पुढे आली. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन चालत होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. पंजाबातल्या इसरू गावचा कर्नैलसिंग पुढे झाला आणि तिथेच मारला गेला. तेरेखोलच्या बाजूला हिरवे गुरुजी मारले गेले. त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसं मेली. सहोद्राबाई वाचल्या आणि पुढे लोकसभेत निवडून गेल्या.

पत्रादेवीच्या स्मारकापाशी मी मुलांना घेऊन जायची तेव्हा त्यांना नावांखालची गावं वाचायला लावायची. बहुतेकांनी त्याआधी गोवा पाहिलाही नव्हता. ज्या माणसांशी आपलं नातं नाही, ज्यांची भाषाही येत नाही, त्यांच्यावर अन्याय होतो आहे म्हणून ही माणसं मरायला आली. हे धैर्य होतं, आणि कारुण्यही होतं. ज्याला आज आपण 'भायलो', म्हणजे बाहेरचा, म्हणून हिणवतो, त्याच्याच गावाकडचा कोणीतरी त्या दगडावर आहे.

गांधीजींचा दाखला द्यायचाच तर पुरता द्यावा. भ्याडपणा आणि हिंसा यांतच निवड करायची झाली तर मी हिंसा करायला सांगेन, असं त्यांनी १९२०मध्येच लिहून ठेवलंय. त्यांची अहिंसा पळून जाणाऱ्यांसाठी नव्हतीच.

"दया दाखवली की समोरचा सोकावतो"

या मुद्द्यात तथ्य आहे. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, हे आपण उगाच म्हणत नाही. गुन्हा करणाऱ्याला काहीच झालं नाही तर तो पुन्हा करतो. मात्र दया म्हणजे सोडून देणं, हे समीकरण कोणी मांडलं?

महाड, २० मार्च १९२७. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. नंतर गावात सवर्णांच्या जमावाने परिषदेला आलेल्यांना गाठून झोडपलं, बायकामुलांनाही सोडलं नाही. परिषदेला आलेल्यांत लष्करात नोकरी केलेले कितीतरी होते. हात उचलायला ते तयार होते, फक्त होकार हवा होता. बाबासाहेबांनी तो दिला नाही. शांत राहायला सांगितलं आणि फिर्याद केली. हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. तळ्याचा दावा दहा वर्षं चालला आणि १९३७मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या संध्याकाळी महाडात रक्त सांडलं असतं तर निकाल तळ्याचा लागला नसता, दंग्याचा लागला असता. बाबासाहेबांनी कोणाला सोडून दिलं? कोणालाच नाही. फक्त सूड घेतला नाही.

आमच्या वाड्यावर एक काका होते. १९५५च्या धरपकडीत सापडलेले. कोठडीतल्या मारामुळे त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधी मिटली नाहीत. चहाचा कप ते डाव्या हाताने धरायचे आणि जेवताना भाताचा घास नीट जमत नाही म्हणून चमचा घ्यायचे, जो त्या काळी आमच्याकडे फक्त आजारी माणूस घेई. मारणारा पोलीस गोरा नव्हता, शेजारच्या गावचाच होता. मुक्तीनंतर त्याने छोटं दुकान टाकलं. वाड्यावरची तरुण मुलं रात्री ते दुकान जाळायला निघाली, तेव्हा काका त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "ताच्या भुरग्यांनी कितें केलां?" (त्याच्या मुलांनी काय केलंय?) असं विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या माणसाच्या विरुद्ध नवीन प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. काय काय केलं ते तारीखवार लिहिलं. तक्रारीचं फारसं काही झालं नाही, हेही खरं. काकांना त्याचं वाईट वाटे आणि ते बोलूनही दाखवत. त्या पोलिसाचा मुलगा मात्र आमच्यातच वाढला, सप्त्याला टाळ घेऊन भजनात बसायचा. ते दुकान त्या रात्री जळलं असतं तर तो कोणत्या रागाने वाढला असता, याचा मी पुष्कळदा विचार करते.

काकांची करुणा पाहिलेली असल्यामुळे 'दया म्हणजे दुबळेपणा' हे मी ऐकून घेऊ शकत नाही. तक्रार लिहिणारा आणि दुकान वाचवणारा माणूस एकच होता.

"आज त्याच्याच भाषेत उत्तर द्या"

आज आमच्याकडे हे कोणाला उद्देशून म्हटलं जातं, ते स्पष्ट बोलायला हवं. गोव्याच्या जमिनी कोटींनी विकणाऱ्याला कोणी त्याच्या भाषेत उत्तर देत नाही. मार बसतो तो बांधकामावरच्या मजुराला, गाड्यावाल्याला, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीयाला. मध्यंतरी असाच एक व्हिडिओ मला आला. बाजारात मोबाइल चोरल्याच्या संशयावरून एकाला विजेच्या खांबाला बांधलंय आणि ओळीने येऊन लोक थोबाडीत मारताहेत. त्याने चोरी केली की नाही हा प्रश्न पुढचा. व्हिडिओखाली हाच मुक्तिसंग्रामाचा संदेश चिकटवलेला होता.

हात उचलायची सवय लागली की ती माणूस बघत नाही. कासिमिरो मोंतेरो या पोर्तुगीज पोलीस एजंटाचं नाव जुन्या गोंयकारांना आजही ठाऊक आहे. कैद्यांचा छळ करण्यात त्याने नाव कमावलं. गोव्यात वापरलेला हाच माणूस १९६५मध्ये सालाझारविरुद्ध उभ्या राहिलेल्या जनरल उंबेर्तो देल्गादोच्या, एका पोर्तुगीजाच्याच, खुनात वापरला गेला.

गोव्यातले खरे मोठे अन्याय आपण कसे हटवले ते आठवा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, यावरून भाऊ भावाशी बोलत नव्हता. १६ जानेवारी १९६७ला मतदान झालं, वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणासाठी १,३८,१७० मतं पडली. मराठी बोलणाऱ्या कितीतरी घरांना तो निकाल बोचला, आमच्याही घराला. पण तो मानला. जमिनींचा बट्ट्याबोळ करणारा प्रादेशिक आराखडा २००७मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून मागे घ्यायला लावला. त्याच वर्षअखेर विशेष आर्थिक क्षेत्रं रद्द झाली. २०२०च्या नोव्हेंबरात रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले. बाकीच्यांनी कागदपत्रं गोळा केली, अर्ज केले, कोर्टात गेले. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोले अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. यातल्या एकाही लढ्यात कोणाला खांबाला बांधावं लागलं नाही.

आणि अंगावरच कोणी धावून आला तर? तेव्हा स्वतःला आणि दुसऱ्याला वाचवण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, आणि तो वापरण्यात काहीही गैर नाही. तो हक्क धोका असेपर्यंतच असतो आणि बचावाला लागेल तेवढ्यापुरताच असतो. त्यापुढे फटका मारणारा गुन्हेगार ठरतो. मुलांनो, बाजारात कोणाला जमाव मारताना दिसला तर तुम्ही एकटे असलात तरी ११२ला फोन करता येतो. दोघंतिघं असलात तर मध्ये जाऊन उभं राहता येतं. मारणारे बहुतेक ओळखीचे असतात, त्यांना नावाने हाक मारा, नावाने हाक मारल्यावर पुष्कळांचे हात खाली येतात. व्हिडिओ काढायचाच तर मारणाऱ्यांचे चेहरे दिसतील असा काढा आणि ग्रुपवर टाकण्याऐवजी पोलिसांना द्या. चोरीचा संशय खरा असेल तर त्या माणसाला पोलिसांच्या हवाली करा आणि तुमची तक्रार लिहून द्या. मार खाल्लेल्याला आधी डॉक्टरकडे न्या, जखमांची नोंद करून घ्या, मग त्याचीही तक्रार नोंदवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून ती नाकारता येत नाही. तरीही ठाण्यावर घेतली नाही, तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवायची आणि पावती जपून ठेवायची.